बेणं, मातीसकट

वसमतहून सांगलीकडे हौसेनं जाणारी माणसं थोडी. हळदीची पोती घेऊन व्यापारी जातात, देवाला म्हणून कुणी जातं. मी गेलो तो भांडायला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्या मुलखाची तारीफ करणार आहे आणि ती माझ्या तोंडून सहजासहजी निघालेली नाही.

भांडण असं. तीन वर्षांमागं कराडच्या पुढं, कृष्णाकाठच्या एका गावातून मी हळदीचं बेणं, म्हणजे लागवडीचे गड्डे, ट्रक भरून आणलं. थोडं माझ्या विहिरीखालच्या रानात लावलं, बाकीचं दुकानातून विकलं. माझं दुकान बापजाद्यांचं नाही. मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, पाठीवर पोती वाहून मी ते उभं केलं आणि तिथला माल खपतो तो माझ्या शब्दावर. भादव्यात हळदीची पानं शेंड्याकडून पिवळी पडू लागली. खोड धरून ओढलं की अलगद हातात येई आणि खाली गड्ड्याच्या जागी घाण वासाचा लगदा. कंदकूज म्हणतात तिला. जमिनीतली बुरशी गड्ड्यात शिरते आणि पीक बसल्या जागी नासतं. माझं नासलं, माझ्याकडून बेणं नेलेल्यांचंही नासलं. बाजारात माझं नाव 'सडका शेठ' पडलं.

ज्यांनी बेणं दिलं त्या गणपतराव हवालदारांना मी ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला. उलटा निरोप आला : आमचं बेणं नासकं नसतं, घेणाऱ्याची नियत नासकी असेल.

तो निरोप मी तीन वर्षं गिळला नाही आणि थुंकलाही नाही. यंदाच्या उन्हाळ्यात मेहुणा म्हणाला, हळदीचा नाद सोडा, त्या रानात कापूस टाका. मी म्हणालो, टाकतो. पण आधी त्या हवालदाराच्या तोंडून, त्याच्याच गावच्या चार माणसांपुढं वदवून आणतो की बेणं खराब होतं. मग हळद राहिली काय आणि गेली काय. लागवड तोंडावर आली होती, म्हणून लगेच निघालो.

लोणंद

पुण्याहून मिरजेची गाडी धरली होती आणि थेट कराडला उतरायचं होतं. लोणंदला गाडी जरा थांबली. स्टेशनाबाहेर कांद्याचे ढीग दिसले, आणि ढीग दिसला की भाव विचारल्याशिवाय माझा पाय पुढं जात नाही. विकत काही घ्यायचं नव्हतं. पण तिथल्या व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव मला इतका खोटा वाटला की मी त्याला आमच्या मोंढ्यातला भाव ऐकवला, त्यानं मला माझी अक्कल ऐकवली, आणि हे होईपर्यंत गाडी निघून गेली. पिशवी हातात होती, जेवणाचा डबा मात्र मिरजेला गेला.

साताऱ्याकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकमध्ये जागा मिळाली. ड्रायव्हर माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. त्याच्या गावचे निम्मे गडी मुंबईत ओझी वाहतात आणि उरलेले मेंढरांमागं असतात, असं तो सांगत होता. मीही ओझी वाहिलेला असल्यामुळं आमचं जमलं. मी विचारलं, तुमच्याकडं पिकाला कूज लागते का?

"कुजाया आदी पानी लागतंय, शेठ. आमच्यात मानूस बी वाळूनच मरतंय."

मग मी कुठं आणि कशाला निघालो ते त्यानं काढून घेतलं. ऐकून त्यानं गिअर बदलला आणि म्हणाला, "म्हंजी एवड्या लांब तुमी शिव्या द्यायाच निगालाय? पोस्टानं धाडायच्या की. सस्तात पडल्या असत्या."

हा हिशेब मला आधी सुचला नाही याचा मला राग आला.

सातारा

साताऱ्याला मुक्काम केला तो मुख्यतः डबा गेल्यामुळं. डोंगराच्या कुशीत वसलेलं गाव. आम्ही सपाटीवरची माणसं, आम्हाला डोंगर म्हणजे कुणीतरी वाट अडवून उभं राहिल्यासारखा वाटतो. पण सकाळी किल्ल्यावर ऊन आलं तेव्हा अडवणारा जरा रुबाबदार आहे हे कबूल केलं.

तिथले कंदी पेढे घरी न्यायला घ्यावेत म्हणून दुकानात शिरलो. भाव कमी करा म्हटलं तर दुकानदारानं न बोलता एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "ह्यो खावा, मग बोला." खाल्ला. खरपूस भाजलेल्या खव्याचा, गोडाला बेताचा. मग मी एवढंच बोललो, पुडा बांधा. सांगितलेल्या भावानं माल घ्यायची माझ्यावर फार वेळा पाळी आलेली नाही.

कराडच्या पुढं

कराड आणि त्याला चिकटलेलं मलकापूर मागं टाकून एसटी नदीकडं वळली की दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. मे महिन्यात आमच्याकडं ढेकळं आणि भेगा असतात. इथं पाटात पाणी खळखळत होतं. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. गावात शिरलो तर दर दोन घरांआड भिंतीवर वर्दीतल्या माणसाचा फोटो. कुणी नोकरीत, कुणी पेन्शनीत. ओसरीवर बसलेले म्हातारेसुद्धा पाठ ताठ ठेवून बसतात.

हवालदारांचं घर गावाच्या कडेला. ते दारातच वाखाची दोरी वळत बसले होते. मी वाटेत पाठ केलेलं सगळं उभ्याउभ्या सुरू केलं. त्यांनी दोरी खाली ठेवली.

"भांडायचं हाय न्हवं? मग आदी जेवा. उपाशी मानसाचं भांडान लवकर सपतंय."

तेवढ्यात त्यांच्या मालकीणबाई, हौसाबाई, आतून आल्या. मला पाहून नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, ह्यो त्योच न्हवं? चिखलशेठ?"

वसमतेत मी सडका शेठ आणि कृष्णाकाठी चिखलशेठ. दोन्ही गावांनी मिळून माझं बारसं केलेलं होतं.

या नावाची हकीकत सांगायला हवी. हळदीचे गड्डे जमिनीतून निघतात, तेव्हा त्यांच्या खाचाखोचांत माती बसलेली असते. ही माती वजनात भरते, म्हणून घेणारा तिच्यापोटी तोलातून काही सूट मागतो. तिला आम्ही घट म्हणतो. घट किती धरायची यावर हळदीच्या मुलखात जितकी भांडणं झाली असतील तितकी बांधावरून झाली नसतील. त्या वर्षी मी भरपूर घट मागितली आणि भर खळ्यात म्हणालो, मी हळद न्यायला आलोय, तुमची जमीन नाही. हौसाबाईंना ते लागलं. "म्हंजी आमी माती इकतो व्हय?" त्यांनी शेजारच्या बायका बोलावल्या, सगळं बेणं पाट्यांनी नदीवर नेलं आणि गड्डा न् गड्डा चोळून धुवून आणला. पिवळाजर्द ढीग माझ्यापुढं ओतला. मी तो जिंकल्याच्या तोऱ्यात ट्रकमध्ये भरला. वसमतेत ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल!

जेवायला शाळूची भाकरी, कांदा-लसणाची चटणी, मसुराचं झणझणीत कालवण आणि वर दही. आमच्याकडं ठेच्यावर तेलाची धार सोडतात, इथं चटणीवर दही घेतात. आग लावायची आणि लगेच विझवायची, असा प्रकार. चौथी भाकरी मी नको म्हणालो तर हौसाबाई म्हणाल्या, "खावा. भाकरीत न्हाई माती."

जेवण झाल्यावर हवालदार मला आंब्याखाली घेऊन गेले. तिथं यंदाच्या बेण्याचा ढीग हळदीच्या पाल्याखाली झाकून ठेवला होता. पाला बाजूला सारून त्यांनी एक गड्डा काढला. चिखलानं माखलेला, काळपट.

ते सांगू लागले ते असं. त्या वर्षी माझा ट्रक गेल्यावर धुतलेल्यातलं थोडं बेणं उरलं होतं. ते त्यांनी नदीकडच्या नव्या तुकड्यात लावलं. न धुतलेलं नेहमीच्या रानात. नेहमीचं रान उभं राहिलं आणि नव्या तुकड्यातलं कुजलं, अगदी माझ्यासारखं. गावात कुणी म्हणालं जमीन मानवली नाही, कुणी म्हणालं नदी कोपली. त्यांना कुठलंच पटेना. पुढच्या वर्षी त्याच तुकड्यात मातीचं बेणं लावून पाहिलं. आलं. तेव्हा दोन्ही रानांचे गड्डे रुमालात बांधून ते सांगलीला कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंकडं गेले.

"पाव्हणं, बेणं नासकं नव्हतं," ते म्हणाले. "पर तुमी म्हनता ते बी खोटं न्हाई. उद्या सांगलीला चला. मी सांगून तुमास्नी पटायचं न्हाई. मला बी पटलं नव्हतं."

पेढ्यांचा पुडा मी घरी न्यायचा म्हणून घेतला होता. रात्री तो हौसाबाईंच्या पोरांपुढं कसा उघडला गेला ते मला सांगता येणार नाही.

सांगली

बाईंचं नाव शेंडे. कॉलेजात सूक्ष्मजीवांचा विषय शिकवतात. खोलीत उकडलेल्या बटाट्यांचा वास भरला होता, मला वाटलं स्वयंपाक चालू आहे. पण बटाट्याचं पाणी, साखर आणि समुद्री शेवाळापासून काढलेली एक चिकट पूड शिजवून त्या काचेच्या पसरट बश्यांत थर ओततात, आणि त्या थरावर हे डोळ्यांना न दिसणारे जीव वाढवतात. मी तोवर जिवाणू म्हणजे फक्त रोग समजत होतो.

त्यांनी माझ्यापुढं एक बशी धरली. मध्यावर कापसासारखी पांढरी बुरशी. "हीच तुमची कंदकूज," त्या म्हणाल्या. तीन वर्षं जिच्यापायी शिव्या खाल्ल्या ती इतकी मऊ आणि शुभ्र असेल असं मला वाटलं नव्हतं. बशीच्या एका कडेला हवालदारांच्या गड्ड्यावरच्या मातीतून काढलेल्या जिवाणूंची पिवळसर रेघ होती. बुरशी तीन बाजूंनी काचेला जाऊन टेकली होती. चौथ्या बाजूला, त्या रेघेपासून बोटभर अंतरावर, ती थांबली होती. मधला पट्टा स्वच्छ, त्यात काही म्हणजे काही नाही. कुणी बांध घालावा तसा. पण बांधाला निदान माती लागते, इथं बांध नुसता रिकामेपणाचा होता.

मी ती बशी बराच वेळ खाली ठेवली नाही. जन्मभर मी वजन आणि भाव असलेल्या गोष्टी हाताळत आलो. हे पहिलंच काम असं पाहिलं की करणारा दिसत नाही, पण केलेलं दिसतं.

बाई म्हणाल्या, "हे जिवाणू बुरशीला न मानवणारी द्रव्यं सोडतात. शिवाय गड्ड्याच्या सालीवर आधी जागा कोण धरतं, यावरही पुष्कळ आहे."

हे मला लगेच कळलं. आठवडी बाजारात पहाटे जो येतो त्याची चादर मोक्याच्या जागी पडते आणि उशिरा येणारा कितीही दांडगा असला तरी गटाराकाठी बसतो. आम्ही गड्डे धुतले म्हणजे आधी आलेल्यांना उठवून बाजार मोकळा केला, आणि बुरशीला म्हणालो, या, बसा.

मग माझ्यातला दुकानदार जागा झाला. मी बाईंना म्हणालो, ह्याच्या पुड्या भरू, सगळ्या मराठवाड्यात मी खपवून देतो, दुसऱ्या कुणाला देऊ नका. त्या हसल्या. म्हणाल्या, हे अजून प्रयोगात आहे. एका रानात चाललं म्हणून दुसऱ्यात चालेलच असं नाही. मला राग आला. इतक्या लांब येऊन पदरात 'असेल-नसेल' घेऊन जायचं का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"शंभर टक्के म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका," बाई म्हणाल्या. "आणि धुतल्यामुळंच तुमचं पीक गेलं, असंही मी म्हणणार नाही. पाणी साचलं असेल, किंवा बेणं ओलं असताना कोंडलं असेल. तुम्ही ते सुकवून भरलंत ना?"

हवालदार खिडकीबाहेर पाहू लागले. मी बश्यांकडे. नदीवरून आलेलं बेणं तसंच ओलं पोत्यांत भरून, वर ताडपत्री ओढून, मी भर उन्हात दोन दिवस हाकत नेलं होतं.

शेवटी बाईंनी कोळशाच्या भुकटीत मिसळलेले जिवाणू एका पिशवीत घालून दिले. शेणाच्या पातळ काल्यात ते कालवायचे, बेणं त्यात बुडवून सावलीत सुकवायचं. पिशवी उन्हात ठेवायची नाही, तिच्यात मोरचूद किंवा दुसरं औषध मिसळायचं नाही. सरी-वरंबे उंच करायचे, पाणी तुंबू द्यायचं नाही. माती न्यायची ती निरोगी रानाची. रोगट रानाची नेली तर रोगच घेऊन जाल. आणि निम्म्या रानात भुकटी लावायची, निम्म्यात नाही, मग काय दिसेल ते खरं कळवायचं. मी किंमत विचारली. त्या म्हणाल्या, खरं कळवा, तेवढंच. किंमत नसलेल्या मालाची घासाघीस कशी करतात हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. मी पिशवी घेतली.

हरिपूर

सांगलीपर्यंत गेल्यावर हरिपूरची पेवं न पाहता परतू नये असं हवालदारांचं म्हणणं. कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं हे गाव, आणि गावाखाली हळद. जमिनीत विहिरीसारखे खड्डे, तोंडाला अरुंद आणि पोटाला मोठे. आत पाला-चटया लावून हळद भरतात आणि तोंड मातीनं बुजवतात. एक पेव उघडलं होतं, पण आत लगेच कुणी उतरत नव्हतं. कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो, म्हणून आधी दिवा सोडून पाहतात. दिवा तग धरून राहिला तेव्हा एक गडी उतरला आणि वर हळकुंडं आली ती काल भरल्यासारखी खणखणीत. वर्षानुवर्षं राहिली तरी त्यांना कीड लागत नाही म्हणाले.

वडाखाली बसून आम्ही भडंग खाल्लं. नदीच्या इतक्या जवळ, जमिनीच्या पोटात, आणि कोरडं. माझ्या रानात हीच जमीन हळद खाऊन टाकते. मी हवालदारांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "मातीला काय कळतंय, पाव्हणं? आत कोन ऱ्हातंय त्यावर हाय समदं."

काटा

परत आल्यावर मी यंदाचं बेणं न्यायचं ठरवलं. कापूस राहू दे, मेहुण्याला मी सांगेन. खळ्यात काटा लागला, माल भरायला आणि बघायला माणसं जमली. आणि मी न विचारता हवालदार उभे राहिले, परेडला राहावं तसे.

"ह्यास्नी बेणं म्या दिलं हुतं. ते ह्येंच्या रानात कुजलं. आमी रागानं धुवून दिलं, ओलंच दिलं. वर निरोप धाडला त्यो बी चुकीचा हुता."

चार माणसं मी मागितली होती, तिथं वीसेक होती. तीन वर्षं ज्यासाठी कुढलो ते मला मिळालं, आणि मला कुठं बघावं कळेना.

"आन धुवाया कुनी लावलं, ते बी सांगा की," मागून हौसाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मी म्हणालो, "काटा लावा."

हौसाबाईंनी ढिगातला सगळ्यात चिखलाचा गड्डा उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला. "झटकू का, शेठ?"

"झटकाल तर पुन्हा भांडण होईल."

भाव जुन्या रीतीनं ठरला. हवालदारांनी खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि आतल्या आत बोटं दाबून आम्ही बोललो. असा भाव दोघांतच राहतो, म्हणून इथंही सांगत नाही. एवढंच सांगतो की घट धरली नाही, आणि टॉवेल काढला तेव्हा दोघांच्याही बोटांना माती होती.

वसमत

दुकानापुढं ट्रक उतरवला तेव्हा पहिला आला माणिकराव. माझ्या बेण्यानं ज्यांची हळद गेली त्यांत हा पहिला, आणि सडका शेठ हे नावही त्यानंच ठेवलेलं. त्यानं एक गड्डा उचलून काट्याच्या दांडीवर आपटला. चिखल खाली पडला.

"शेठ, आता मातीबी विकायलाव का?"

माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता लक्षात आलं की हौसाबाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल. बश्या, रेघ, मधला पट्टा, सगळं मी त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही आणि तो काही न घेता गेला. दुसऱ्यांनीही थोडंथोडंच नेलं. राहिलेलं सगळं मी विहिरीखाली लावलं, बाईंनी सांगितलं तसं, निम्मं भुकटीचं आणि निम्मं बिनभुकटीचं.

आता भादवा सरला आहे. खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबलं, तिथलं दोन्हीकडचं कुजलं. बिनभुकटीच्या भागात मधूनमधून पिवळं दिसतं, पण पूर्वीसारखं नाही. भुकटीचा भाग कमरेएवढा हिरवागार उभा आहे. बाईंना मी कोपऱ्यासकट सगळं कळवलं. तो कोपरा लपवावा असं मला वाटून गेलं होतं.

परवा माणिकराव बांधावर येऊन उभा राहिला. मग आत शिरला, एका झाडाचं खोड धरलं आणि ओढलं. आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. तरी आलं नाही. मी ओरडलो, उभं पीक उपटायला आलास का?

"बघू लालतो, सडलंय का ते," तो म्हणाला. हात झटकले. "पुढल्या साली माझ्यापुरतं बेणं ठेवा."

"ठेवतो. पण मातीसकट तोलीन."

तो विचारात पडला. आमच्या मोंढ्यातला माणूस तो, इतक्यावर ऐकणारा नव्हे.

"निम्मीच माती तोलात धरा, शेठ."

मी म्हणालो, "धरतो. निम्मी कोणची धरायची, ते तू दाखव."